इन्स्टॉलआधी चालणाऱ्या स्क्रिप्टची पार्श्वभूमी

पॅकेजच्या, म्हणजे एकत्र बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या, फायली डिस्कवर उतरण्याआधी तयारी करणाऱ्या स्क्रिप्ट लिनक्सपेक्षा जुन्या आहेत. सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या पॅकेजात प्रश्न विचारायला एक, यंत्र तपासायला दुसरी आणि प्रत्यक्ष तयारीला तिसरी अशी सरळ विभागणी होती. 1990च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या डीपीकेजी आणि आरपीएम या लिनक्सवर पॅकेज बसवणाऱ्या साधनांनी ती तशी उचलली नाही. डीपीकेजी वापरणाऱ्या डेबियन लिनक्समध्ये स्क्रिप्ट इन्स्टॉल चालू असतानाच प्रश्न विचारत; पुढे डेबकॉन्फ या साधनामुळे ते सुरुवातीलाच गोळा होऊ लागले. आरपीएमने प्रश्नोत्तरांना थाराच दिला नाही, आणि शेकडो यंत्रं एकदम अपडेट करणाऱ्यांसाठी तेच बरं झालं.

खरा गुंता आरपीएमच्या ‘प्री’ आणि ‘प्रीट्रान्स’ या दोन टप्प्यांचा. ‘प्री’ त्या एका पॅकेजच्या फायलींआधी चालते, तर ‘प्रीट्रान्स’ संपूर्ण व्यवहाराच्या, म्हणजे एका वेळी बसणाऱ्या सगळ्याच पॅकेजांच्या आधी. हा दुसरा टप्पा लागतो, कारण जुन्या आवृत्तीत जिथे डिरेक्टरी होती तिथे नव्या आवृत्तीला सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाईल) ठेवायची असेल, तर आरपीएम ती अदलाबदल स्वतः करत नाही. कोणती फाईल कुठे जाणार हा हिशेब ‘प्री’पर्यंत उरकलेला असतो, म्हणून डिरेक्टरी त्याआधीच बाजूला करावी लागते. पण कोऱ्या डिस्कवर पहिलं इन्स्टॉल होत असताना त्या क्षणी स्क्रिप्ट चालवणारं शेलसुद्धा नसतं. मग ही स्क्रिप्ट आरपीएमच्या पोटातल्या लुआ भाषेत लिहायची, असा नियम आला. एका डिरेक्टरीसाठी पॅकेज बांधणाऱ्याने वेगळी भाषा शिकावी, हे मला आजही पटत नाही. ही अदलाबदल आरपीएमनेच सांभाळायला हवी होती.

सर्व्हिससाठी (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामसाठी) युजर तयार करणं हे ‘प्री’चं नेहमीचं काम. युजर आधीच आहे का ते पाहायचं आणि नसेल तर बनवायचा, याच दोन-चार ओळी असंख्य पॅकेजांत चिकटवलेल्या असत. 2023मधल्या आरपीएम 4.19पासून पॅकेजात सिसयूजर्सची, म्हणजे हवे ते युजर नोंदवणारी, फाईल ठेवली की युजर आपोआप बनतो.

जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएममध्ये मात्र हीच सोय हल्ल्याची वाट ठरली. 2025च्या नोव्हेंबरमध्ये पसरलेल्या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) ‘प्रीइन्स्टॉल’ स्क्रिप्टच वापरली. इन्स्टॉल पूर्ण होण्याआधीच टोकन आणि पासवर्ड चोरीला जात होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत आलेल्या पीएनपीएम 10 या एनपीएमच्या पर्यायी साधनाने डिपेंडन्सींच्या (प्रकल्प ज्यांवर अवलंबून असतो त्या पॅकेजांच्या) अशा स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालवणं आधीच बंद केलं होतं.