लस चालते, पण सर्टिफिकेट चालत नाही

१७ सप्टेंबर २०२१ ला ब्रिटनने परदेशातून येणाऱ्यांसाठी नवे नियम जाहीर केले आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. कोविडवरची कोविशील्ड ही लस ऑक्सफर्डने शोधलेली, पुण्यात बनलेली, ब्रिटनने स्वतः मागवून आपल्या लोकांना टोचलेली. तीच दोनदा घेऊन तिकडे उतरणारा भारतीय मात्र ४ ऑक्टोबरपासून ‘लस न घेतलेला’ धरला जाणार होता. म्हणजे दहा दिवस क्वारंटाइन, वर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी तपासणी, तीही स्वखर्चाने. ‘कोविशील्डला मान्यता नाही’ असं सगळीकडे छापून आलं. पाच दिवसांनी, २२ तारखेला, ब्रिटनने आपल्या नियमांत कोविशील्डचं नाव घातलं. आता फक्त पेढे वाटायचे बाकी होते. पण क्वारंटाइन जिथल्या तिथेच राहिलं.

कारण अडलेल्या गोष्टी दोन होत्या. लस मान्य असणं ही एक आणि ती घेतल्याचं प्रमाणपत्र मान्य असणं ही दुसरी. एखादं बोर्ड मान्यताप्राप्त असलं, तरी तुम्ही पुढे केलेली गुणपत्रिका खरी आहे याची खात्री कॉलेज वेगळी करून घेतं, तसंच हे. त्या तीन-चार आठवड्यांत बातम्यांनी आणि व्हॉट्सअॅपच्या निरोपांनी या दोन गोष्टींचा असा काला केला, की परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलांच्या घरी नेमकं काय थांबलंय हेच कुणाला सांगता येईना.

लसीच्या मान्यतेत प्रश्न कुपीतल्या द्रवाचा असतो. तो कुणी बनवला, कुठल्या कारखान्यात, चाचण्यांचे आकडे काय सांगतात. हे ठरवतात औषध नियामक: आपल्याकडे औषध महानियंत्रक, अमेरिकेत एफडीए, युरोपीय संघात युरोपीय औषध संस्था. ज्या देशांना स्वतः एवढी छाननी करणं जमत नाही, त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन वापराच्या यादीचा आधार असतो. कोविशील्डचं नाव या यादीत १५ फेब्रुवारी २०२१ लाच आलं होतं.

प्रमाणपत्राच्या मान्यतेत कुपीचा संबंध नाही. हा कागद कोणी दिला, तो समोर उभ्या असलेल्या माणसाचाच कशावरून, त्यावरचा क्यूआर कोड आमच्या यंत्रावर उघडतो का, आणि मुळात तुमच्या देशाच्या नोंदींवर आम्ही विश्वास ठेवायचा का, असे हे प्रश्न आहेत. ते आरोग्य खातं, गृह खातं, परराष्ट्र खातं मिळून सोडवतात. इथे नापास करणारी प्रयोगशाळा नसते. असतात त्या वाटाघाटी.

फरक कळायला ब्रिटनच्याच लोकांचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्या बाबतीत हेच नेमकं उलटं घडलं. २०२१ च्या वसंतात कोविशील्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटने पुण्याहून ब्रिटनला ५० लाख डोस पाठवले होते. ब्रिटिश नियामकाने ते तपासून मंजूर केले, आणि टोचून घेणाऱ्याला एरवी कळलंही नसतं की आपल्या दंडातला डोस मांजरी-हडपसरचा आहे. फक्त तिथल्या आरोग्य सेवेच्या अॅपमध्ये बॅच नंबर दिसायचा, आणि पुण्याच्या बॅचेस ४१२०झेड या अक्षरांनी सुरू व्हायच्या. जुलैमध्ये सुट्टीसाठी माल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला मँचेस्टरच्या विमानतळावर याच नंबरामुळे विमानात चढू दिलं गेलं नाही. माल्टाचा नियम होता की युरोपीय औषध संस्थेने मंजूर केलेलीच लस चालेल. संस्थेने मंजूर केलेली होती ‘व्हॅक्सझेव्हरिया’, म्हणजे ठरावीक कारखान्यांत बनलेली अॅस्ट्राझेनेकाची लस. सूत्र तेच, पण पुण्याचा कारखाना त्या मंजुरीत नव्हता. या जोडप्याच्या प्रमाणपत्रात खोट नव्हती. ते ब्रिटिश सरकारचं होतं, माल्टाला मान्यही होतं. अडली ती लस.

युरोपीय संस्थेची बाजू इथे समजून घ्यायला हवी. लस ही जैविक वस्तू. पॅरासिटामॉलच्या गोळीसारखं सूत्र कळलं की झालं, असं तिचं नसतं. पेशी कशा वाढवल्या, शुद्धीकरण कसं केलं, यात बारीक फरक पडला तरी शेवटचा माल बदलू शकतो. म्हणून मंजुरी कारखान्यासकट दिली जाते. आणि कोविशील्डसाठी तर संस्थेकडे रीतसर अर्जच आलेला नाही, असं तिने जुलैच्या मध्यात सांगितलं. ‘युरोपने आपली लस नाकारली’ हे तेव्हाचं आवडतं वाक्य त्यामुळे पुरतं खरं नव्हतं. नाकारायला आधी अर्ज लागतो. शिवाय १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या युरोपच्या डिजिटल कोविड प्रमाणपत्राच्या कायद्यात एक फट होती. सदस्य देशांना हवं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतल्या लसीही स्वीकारता येत होत्या. जर्मनी, स्पेन, ग्रीस, ऑस्ट्रिया, आयर्लंड अशा देशांनी जुलैच्या सुरुवातीलाच कोविशील्ड स्वीकारली. माल्टाही काही दिवसांत वळला.

आता परत सप्टेंबरकडे. ब्रिटनच्या नियमात अॅस्ट्राझेनेकाची लस होतीच, पण पुढे एक शेपूट होतं: ती ठरावीक देशांच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून घेतलेली असली पाहिजे. त्या देशांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, सौदी अरेबिया, मलेशिया वगैरे होते. भारत नव्हता. केनियाही नव्हता, आणि केनियाला तर ब्रिटनने त्याच लसीचे डोस दान दिले होते. स्वतः दिलेला डोस स्वतःच मोजायचा नाही, हा प्रकार बघितला की शास्त्र कुठे संपतं आणि दुसरं काहीतरी कुठे सुरू होतं ते दिसतं.

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्याकडे विषय काढला. परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांनी हे धोरण भेदभाव करणारं असल्याचं उघड म्हटलं. मग कोविशील्डचं नाव नियमात आलं आणि तेव्हा कुठे स्पष्ट झालं की काम प्रमाणपत्रापाशी अडलंय. कोविनच्या, म्हणजे लसीकरणाच्या आपल्या सरकारी साइटच्या, प्रमाणपत्रावर नुसतं वय छापलेलं असायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात पूर्ण जन्मतारीख लागते. ती घालून घेण्याची सोय कोविनवर सप्टेंबरअखेर आली. पण एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं थांबलं होतं असं मला वाटत नाही. ब्रिटिश उच्चायुक्त अॅलेक्स एलिस आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे आर. एस. शर्मा यांच्यात चर्चा झाली, आणि कुणीही एकमेकांच्या प्रमाणपत्र पद्धतीवर तांत्रिक आक्षेप घेतला नाही, असं एलिस यांनीच सांगितलं. आक्षेप नाही आणि मान्यताही नाही!

मग भारताने जशास तसं केलं. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांनाही, लस घेतलेली असो वा नसो, निघण्याआधी ७२ तासांतली आरटी-पीसीआर, उतरल्यावर एक, आठव्या दिवशी एक आणि दहा दिवस क्वारंटाइन. तीन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, ब्रिटनने जाहीर केलं की ११ पासून भारताचं प्रमाणपत्र चालेल. भारतानेही १३ तारखेला आपला नियम मागे घेतला. कुपीतल्या द्रवाबद्दल शंका असती तर ती तीन दिवसांत फिटली नसती.

तशी शंका असली की किती वेळ लागतो, ते कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना विचारा. प्रमाणपत्र तेच, कोविनचंच, ११ ऑक्टोबरनंतर ब्रिटनला मान्य असलेलं. पण लस हैदराबादच्या भारत बायोटेकची, आणि तिचे कागद जागतिक आरोग्य संघटनेकडे अजून तपासले जात होते. संघटना माहिती मागवत होती, कंपनी पुरवत होती, तज्ज्ञांच्या बैठका पुढे जात होत्या. शेवटी ३ नोव्हेंबर २०२१ ला ती यादीत आली आणि ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून ती स्वीकारली. म्हणजे मधले सहा आठवडे अशी स्थिती होती, की एका घरातल्या दोघांची प्रमाणपत्रं एकाच साइटवरून काढलेली, पण कोविशील्डवाला लंडनमध्ये उतरून थेट कामाला लागणार आणि कोव्हॅक्सिनवाला दहा दिवस खोलीत बसणार. कोव्हॅक्सिन घेतलेल्या कित्येकांनी या काळात कोविनवरची जन्मतारीख दुरुस्त करत बसण्यात वेळ घालवला. त्यांच्या दुखण्यावर ते औषधच नव्हतं.

सगळेच देश कागदाच्या बाबतीत एवढे काटेकोर होते असं नाही. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी प्रवाशांना लस सक्तीची केली, तेव्हा लसीबद्दल नियम सरळ ठेवला: एफडीएची मंजुरी किंवा जागतिक आरोग्य संघटनेची यादी. कोव्हॅक्सिनचा त्यात अगदी वेळेवर नंबर लागला. प्रमाणपत्र मात्र कुठल्या देशाचं हे तिने विचारलं नाही. क्यूआर कोड असलेलं चालेल, नसलेलं छापील कार्डही चालेल. ते अधिकृत यंत्रणेने दिलेलं हवं, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळायला हवी, लसीचं नाव आणि डोसच्या तारखा हव्यात. ऑस्ट्रेलियाने तिसराच मार्ग धरला. तिथल्या नियामकाने १ ऑक्टोबर २०२१ ला कोविशील्ड आणि १ नोव्हेंबरला कोव्हॅक्सिन ‘प्रवासापुरती’ मानली. देशात टोचण्यासाठीची मंजुरी हा वेगळाच विषय ठेवला.

आणि भारत? आपणही हाच दोन पारड्यांचा तराजू वापरत होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने ९६ देशांशी लसीकरण प्रमाणपत्रं परस्पर मान्य झाल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२२ पासून ८२ देशांच्या यादीतून येणाऱ्याला आरटी-पीसीआरऐवजी तिथलं लसीचं प्रमाणपत्र दाखवता येऊ लागलं. यादीबाहेरच्या देशाचा प्रवासी तीच फायझर घेऊन आला तरी त्याला तपासणी करावीच लागे. ब्रिटनचं शेपूट आपल्याकडेही होतं, फक्त आपण त्यावर ओरडलो नाही.

मग पुन्हा कधी असे नियम आले तर वाचायचे कसे? लसीच्या अटीत कंपनीचं किंवा यादीचं नाव असतं. प्रमाणपत्राच्या अटीत देशाचं किंवा यंत्रणेचं. दोन्ही बहुतेकदा एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात, त्यामुळे वाक्य तोडून वाचायचं. अडचण लसीची असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही: वाट पाहणं, किंवा तो देश परवानगी देत असेल तर तिथे मान्य असलेला डोस घेणं. सीरमचे अदर पूनावाला यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच अडलेल्या विद्यार्थ्यांच्या क्वारंटाइन खर्चासाठी १० कोटी रुपये बाजूला काढले, ते उगाच नाही. अडचण प्रमाणपत्राची असेल तर निम्मी तरी घरबसल्या सुटते.

आणि मराठी माणसाच्या बाबतीत ती फार वेळा नावातच असते. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. आधारवर मधलं नाव गायब. लग्नानंतर एका कागदावर सासरचं आडनाव आणि दुसऱ्यावर माहेरचं. कोविनवर नोंदणी बहुतेकांनी आधार दाखवून केली, म्हणून प्रमाणपत्रावर आधारचं नाव आलं. जून २०२१ मध्ये पासपोर्ट नंबर जोडण्याची आणि नाव दुरुस्त करण्याची सोय झाली, पण दुरुस्ती एकदाच करता यायची. ती घाईत, मोबाइलवर, इंग्रजी स्पेलिंगची चूक ठेवून करणाऱ्यांचं पुढे काय झालं असेल याची कल्पना करा.

हेही लक्षात घ्या की हे सगळं पहिल्यांदा तपासतो तो परदेशातला अधिकारी नव्हे. तपासतो आपल्याच विमानतळावरचा चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी. विमान कंपन्या ‘टायमॅटिक’ नावाच्या नियमांच्या साठ्यात तुमचं राष्ट्रीयत्व, जायचा देश आणि मधले थांबे घालून बघतात. प्रवेश नाकारला तर तुम्हाला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे शंका आली की ती तुम्हाला इथेच थांबवते. मँचेस्टरला अडवलं गेलेलं ते जोडपं माल्टाच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

लस आणि कागद दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय नियमात बांधलेली एक जुनी सोय मात्र आहे: पीतज्वराचं पिवळं कार्ड. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत त्याचा नमुना ठरलेला आहे, लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलीच लागते, आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. कार्डावर डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का, लसीचा उत्पादक आणि बॅच नंबर येतो, म्हणून ते नैरोबीपासून मुंबईपर्यंत कुठेही चालतं. कोविडच्या लसीसाठी असा करार कधी झाला नाही. उलट तिची सक्ती प्रवेशाची एकमेव अट करू नका, असं संघटना देशांना सांगत होती.

केनिया-टांझानियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी या कार्डाबाबत एवढं पाहावं: ते टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर धरली जाते, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी. आणि गरज फक्त जाताना नसते. पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय परत आलात तर भारताचे आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, पासपोर्ट भारतीय असला तरी.