नाव आठवलं नाही, म्हणजे स्मृतिभ्रंश?

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: साठीनंतर नावं आठवेनाशी झाली की स्मृतिभ्रंश सुरू झाला. तसं नसतं. वयानुसार आठवायला वेळ लागतो. शब्दसंपदा मात्र बहुधा टिकते. पडताळा घरीच घ्या. सराफ्यात भेटलेल्याचं नाव रात्री जेवताना सुचलं, तर आठवण शाबूत आहे, फक्त उशिरा आली. राजवाड्याहून घरचा रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, साधा हिशेब न जमणं हे मात्र वेगळं. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. तेव्हाही लगेच धसका नको (तो बहुतेकांनी आधीच घेतलेला असतो). बी12ची कमतरता, थायरॉईड, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो, आणि त्यातलं बरंच उपचारांनी सुधारतं. बी12 आणि थायरॉईड साध्या रक्ततपासणीत कळतात. शाकाहारी घरांनी बी12 जरूर बघावं.