रॅकएफमध्ये प्रोफाइलची मालकी बदलणे

रॅकएफ हे आयबीएमच्या मेनफ्रेमवरचं (बँकांसारख्या ठिकाणी चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवरचं) सिक्युरिटी सॉफ्टवेअर, १९७६ पासून चालत आलंय. डेटासेट (म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल) असो, युजर असो, ग्रुप असो की ट्रान्झॅक्शन, प्रत्येकाची माहिती प्रोफाइलमध्ये असते आणि प्रत्येक प्रोफाइलला एक ओनर असतो, तो युजर असू शकतो किंवा ग्रुप. प्रोफाइल बनवताना ओनर सांगितला नाही तर बनवणाराच ओनर होतो, आणि पुढची बरीचशी कटकट इथूनच सुरू होते.

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे, की ओनर असणं आणि डेटा वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओनरला प्रोफाइल बदलता येतं, पुसता येतं, कोणाला परमिट द्यायचं ते ठरवता येतं. डेटा वाचायचा हक्क ॲक्सेस लिस्टवरून, म्हणजे कोणाला काय करता येईल त्या प्रोफाइलमधल्या यादीवरून मिळतो. पण परमिट द्यायची ताकद हातात असल्यामुळे ओनर स्वतःलाही ॲक्सेस देऊन टाकू शकतो, म्हणून हे पद हलक्यात घ्यायचं नाही.

बदलायची कमांड सोपी आहे: डेटासेटसाठी ऑल्टडीएसडी, बाकी रिसोर्ससाठी आरऑल्टर, युजरसाठी ऑल्टयुजर, आणि त्यात ओनर म्हणून नवा आयडी द्यायचा. स्पेशल (म्हणजे सगळ्या प्रोफाइलवर चालणारा) अधिकार असलेला ॲडमिन किंवा सध्याचा ओनर हे करू शकतो. जुनी ॲक्सेस लिस्ट मात्र आहे तशीच राहते, त्यामुळे आधीच्या माणसाचं नाव तिथून वेगळं काढावं लागतं, आणि हेच नेमकं राहून जातं.

खरा प्रश्न येतो माणूस नोकरी सोडून गेल्यावर. डेलयुजर (युजर काढून टाकायची कमांड) मारलं म्हणजे सगळीकडचं नाव पुसलं जातं असं नाही, ओनरच्या जागी आणि ॲक्सेस लिस्टमध्ये तो आयडी तसाच पडून राहू शकतो, आणि उद्या तोच आयडी नव्या माणसाला दिला तर जुने अधिकार आयते त्याच्या हातात जातात. म्हणून आधी आयडी रिव्होक (म्हणजे बंद) करायचा, मग रॅकएफचा डेटाबेस अनलोड करून, म्हणजे साध्या फाइलमध्ये उतरवून, आयआरआरआरआयडी०० ही युटिलिटी चालवायची, ती तो आयडी कुठेकुठे आहे ते शोधून लागणाऱ्या कमांड लिहून देते. नवा ओनर सांगितला नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवते, ते आपण भरायचं. डिलीटच्या कमांडच्या आधी ती मुद्दाम एक्झिट (तिथेच थांबवणारी ओळ) टाकते, म्हणजे न वाचता कोणी रन केलं तरी युजर उडत नाही. फार विचार करून बनवलेली गोष्ट आहे ही.

डेटासेटचं नाव ज्या आयडीने सुरू होतं त्याला त्यावर आपोआप अधिकार असतात, तिथे नुसता ओनर बदलून काम होत नाही, डेटासेटचं नावच बदलावं लागतं.

या सगळ्यावर खरा उपाय म्हणजे ओनर नेहमी ग्रुप ठेवणं. पोटग्रुपचा ओनर वरचा ग्रुप असला तर ग्रुप-स्पेशल ॲडमिनचा (ज्याचा स्पेशल अधिकार एका ग्रुपपुरता असतो त्याचा) अधिकार खालपर्यंत पोचतो, ओनर म्हणून एखादा युजर बसवला की साखळी तिथेच तुटते.