तीस टक्के कर आणि क्रिप्टो 'धरून ठेवण्या'चा विश्वास : पार्श्वभूमी

क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या, दीर्घकालीन भवितव्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची नेहमीची कारणे ठरलेली आहेत. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही, दर चार वर्षांनी नवी भर निम्म्यावर येते आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत थेट बिटकॉइन बाळगणारे ईटीएफही (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आहेत. भारतात याला आणखी एक कारण जोडावे लागते, पण त्याची चर्चा कमी होते. २०२२ पासून येथे क्रिप्टो विकणे इतके महाग पडते की 'दहा वर्षांनी बघा' म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरोखर आशावादी आहेत आणि किती जण अडकून पडले आहेत, हे सांगता येत नाही.

सुरुवातीची वर्षे थोडक्यात. डिसेंबर २०१३ मध्ये मध्यवर्ती बँकेने (रिझर्व्ह बँकेने) क्रिप्टोबाबत पहिला जाहीर इशारा दिला. त्याच आठवड्यात अहमदाबादमध्ये बिटकॉइनची खरेदी-विक्री करणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकावर छापा पडला आणि इतरांनी काही काळ दुकाने बंद ठेवली. २०१७ च्या अखेरीस बिटकॉइनचा भाव २० हजार डॉलरच्या घरात गेला, तेव्हा आपल्याकडचे नवखे गुंतवणूकदार प्रथमच मोठ्या संख्येने आत आले. महाराष्ट्राला या काळाची आठवण वेगळ्या कारणाने आहे. दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष दाखवणाऱ्या साखळी योजनेत अनेकांचे पैसे गेले. पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक झाली. पुढे तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्त बिटकॉइन वळवल्याच्या आरोपाखाली मार्च २०२२ मध्ये अटक करण्यात आली. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या लेखी क्रिप्टोचा इतिहास एवढाच.

मध्यवर्ती बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास मनाई केली आणि आधीच सेवा देत असणाऱ्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. क्रिप्टोवर बंदी आली नाही, फक्त तिचा बँकेतला रस्ता तोडला गेला. एका मोठ्या एक्स्चेंजने (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारपेठेने) सप्टेंबरमध्ये देशातला व्यवहार गुंडाळला. बंगळुरूच्या मॉलमध्ये क्रिप्टोचे एटीएम उभे करणाऱ्यांना ऑक्टोबरमध्ये अटक झाली. जुलै २०१९ मध्ये तर क्रिप्टो बाळगल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला विधेयकाचा मसुदा जाहीर झाला.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. या निकालाचा अर्थ 'क्रिप्टो कायदेशीर झाली' असा लावला गेला आणि आजही लावला जातो. निकाल वाचला तर चित्र बरेच वेगळे दिसते. मध्यवर्ती बँकेला अशी पावले उचलण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले होते. परिपत्रक टिकले नाही ते उपाय प्रमाणाबाहेर होता म्हणून : क्रिप्टोमुळे एखाद्या बँकेचे नुकसान झाल्याचे दाखवता आले नव्हते. म्हणजे पुरेसा पुरावा घेऊन नवे परिपत्रक काढण्याची वाट मोकळीच होती. बँकांनाही निकाल पचायला वेळ लागला. रद्द झालेल्या परिपत्रकाचा हवाला देऊन ग्राहकांना ताकीद देणे काही बँकांनी चालूच ठेवले. शेवटी ३१ मे २०२१ रोजी मध्यवर्ती बँकेलाच सांगावे लागले की हे परिपत्रक आता दाखवता येणार नाही.

निकालानंतर तीनच आठवड्यांत टाळेबंदी आली. घरी बसलेली तरुण मंडळी, हातात मोबाइल आणि वर चढत जाणारा भाव. २०२१ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात षटकांच्या मध्ये क्रिप्टोच्याच जाहिराती दिसत होत्या. २३ नोव्हेंबरला हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजात बंदीचे विधेयक दिसताच देशी एक्स्चेंजवर विक्रीचा लोंढा आला. विधेयक मात्र मांडले गेलेच नाही.

त्याऐवजी १ फेब्रुवारी २०२२ ला कर आला, आणि खरा वाद येथे आहे. 'आभासी डिजिटल मालमत्ते'च्या विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, म्हणजे लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीला लागतो तोच दर. वर उपकर. खरेदीच्या किमतीखेरीज कुठल्याही खर्चाची वजावट नाही; मायनिंगच्या (संगणक चालवून नवी क्रिप्टो मिळवण्याच्या) यंत्रसामग्रीचा खर्चही धरायचा नाही, असे संसदेत स्पष्ट करण्यात आले. मार्चमध्ये वित्त विधेयक मंजूर होताना आणखी एक फट बुजवली गेली : एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या क्रिप्टोतल्या नफ्यातूनही वळता करता येणार नाही. तो पुढच्या वर्षी नेता येणार नाही, हे आधीच ठरले होते. एकीत १ लाख मिळवले आणि दुसरीत १ लाख घालवले, तर हातात शून्य आणि उपकरासह कर ३१,२०० रुपये.

१ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) सुरू झाला. आकडा किरकोळ वाटतो. पण १ लाखाचे भांडवल पन्नास वेळा फिरवले, तर जवळपास ४० हजार रुपये सरकारकडे अडकतात. विवरणपत्रात ते जमा धरले जातात हे खरे, पण तोवर भांडवल गेलेले असते. सतत खरेदी-विक्री करणारे परदेशी एक्स्चेंजकडे वळले, कारण तेथे टीडीएस कापला जात नव्हता. व्यवहारांवर नजर ठेवणे हा टीडीएसचा एक सांगितलेला हेतू होता, आणि नजरेआड गेले ते हेच व्यवहार.

हा कर लागला तेव्हा अनेकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. कर लावला म्हणजे मान्यता दिली, असा तर्क. सरकारने संसदेत लगेच सांगितले की बंदी घालायची की नाही हे नंतर ठरेल. नफ्यावर कर लावण्याचा अधिकार आमचा आहेच. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेच्या वरिष्ठांनी क्रिप्टोला ट्युलिपइतकीही (सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्यांचे भाव फुगून कोसळले त्या फुलांइतकीही) किंमत नसल्याचे म्हटले, आणि बंदी हाच सर्वांत शहाणा मार्ग असल्याचेही. एप्रिलमध्ये एका अमेरिकी एक्स्चेंजने यूपीआयद्वारे खरेदी सुरू केली आणि काही दिवसांतच बंद केली. मागून दबाव होता, असे त्यांच्या प्रमुखाने नंतर सांगितले. कागदावर बंदी कुठेच नव्हती.

माझ्या मते या करातली सर्वांत विचित्र बाब दराची नाही, मुदतीची आहे. शेअर बाजारात नोंदलेला शेअर वर्षभर ठेवला, तर १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि पुढे १२.५ टक्के. क्रिप्टो वर्षभर ठेवा की दहा वर्षे, ३० टक्केच. कायदा वारंवार विकणाऱ्याला शिक्षा करतो, म्हणजे लोकांना धरून ठेवायला लावतो, पण धरून ठेवल्याचे श्रेय देत नाही. तोट्यातली क्रिप्टो विकून काही वाचतही नसल्याने लोक ती वॉलेटमध्ये (क्रिप्टो ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात) पडू देतात. मग 'भारतीयांचा दीर्घकालीन विश्वास' म्हणून तिचेच दाखले दिले जातात.

पुढचे टप्पे वेगाने आले. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणले गेले, डिसेंबरमध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची अॅप भारतातल्या स्टोअरमधून दिसेनाशी झाली. त्यांपैकी काही नंतर नोंदणी करून परत आली. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या देशी एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ गोठली. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा यांतले बरेच जण नुसते पाहत होते. या चोरीतून उद्भवलेल्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचे म्हटले : ती बाळगता येते, विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांच्या दृष्टीने २०२० च्या निकालापेक्षा हा निकाल जास्त कामाचा आहे. २०२२ चा कर मात्र जवळपास आहे तसाच नव्या प्राप्तिकर कायद्यात उतरला आहे.