हिकारी आणि सिंपल अँड क्लीन

‘हिकारी’ हे उतादा हिकारू यांनी लिहिलेले, स्वरबद्ध केलेले आणि गायलेले जपानी पॉप गाणे. २० मार्च २००२ रोजी तोशिबा-ईएमआय कंपनीने ते सिंगल म्हणून प्रसिद्ध केले आणि ओरिकॉन या जपानी संगीतविक्रीच्या साप्ताहिक यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी जून महिन्यात आलेल्या ‘डीप रिव्हर’ या अल्बममध्येही ते आहे. याच गाण्याची इंग्रजी आवृत्ती ‘सिंपल अँड क्लीन’ या नावाने ओळखली जाते. तिचे शब्दही उतादा यांचेच आणि आवाजही त्यांचाच. स्क्वेअर ही जपानी गेम कंपनी आणि डिस्ने यांनी मिळून तयार केलेल्या ‘किंगडम हार्ट्स’ या व्हिडिओ गेमचे शीर्षकगीत म्हणून ही जोडी जगभर पोहोचली.

उतादा यांचा जन्म १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. आई फुजी केइको एन्का या जपानी गानप्रकारातल्या प्रसिद्ध गायिका, तर वडील संगीत निर्माते. लहानपण न्यूयॉर्क आणि तोक्यो या दोन शहरांत विभागले गेले, त्यामुळे दोन्ही भाषा घरच्याच. सुरुवातीची इंग्रजी गाणी त्यांनी ‘क्यूबिक यू’ हे नाव घेऊन गायली होती. पुढे १९९९ चा ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम जपानमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. गेमचे दिग्दर्शक नोमुरा तेत्सुया यांना शीर्षकगीतासाठी उतादाच हव्या असलेल्या आवाजाच्या धनी वाटल्या, यात म्हणूनच नवल नाही. ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश. उतादा यांचे हिकारू हे खरे नाव ज्या चित्राक्षराने लिहिले जाते, तेच या गाण्याचे शीर्षक आहे.

एकच गाणे दोन भाषांत म्हणायचे झाले की सहसा दुसऱ्या भाषेतला गीतकार बोलावतात आणि तो मूळ अर्थ चालीत बसवून देतो. इथे तसे घडलेले नाही. चाल आणि वाद्यसाज बऱ्याच अंशी समान ठेवून उतादा यांनी प्रेमाचे दोन निरनिराळे प्रसंग लिहिले आहेत. ही दोन गाणी शेजारी ठेवून ऐकली की मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

जपानी गाण्याची सुरुवात एकटेपणाने होते. नशिबाचा विचार बाजूला ठेवून आजवर एकट्यानेच जगत आलेली व्यक्ती मध्यरात्री अचानक आलेल्या प्रकाशाने जागी होते. ध्रुवपद पुढे पुन्हा येते तेव्हा त्याच सुरांवर एकटेपणाच्या जागी सोबत आलेली असते: काहीही झाले तरी आपण दोघे बरोबर राहू. मधल्या कडव्यांत रोजचे साधे बोलणे आहे. घरच्यांशी तुझी ओळख करून देईन, सगळे नीट होईल. पुढचा फार विचार करत बसण्यापेक्षा आज काहीतरी चविष्ट खाऊ. टीव्ही बंद कर आणि माझ्याकडे बघ. पॉप गाण्यात जेवणाचा बेत इतक्या सहज येतो आणि तरीही गाणे हलके होत नाही, हे उतादा यांच्या लेखणीचे मोठेच सामर्थ्य आहे. या गाण्याच्या चित्रफितीतही तोच सूर आहे. किरिया काझुआकी दिग्दर्शित ही चित्रफीत म्हणजे स्वयंपाकघरात भांडी घासत गाणाऱ्या उतादा यांचे एकसलग दृश्य.

इंग्रजीत कुटुंबाचा विषय येतो, पण अगदी उलट्या बाजूने. तिथला प्रियकर हसून म्हणतो, माझे तुझ्यावर प्रेम आहे, पण म्हणून तुझ्या वडिलांना भेटलेच पाहिजे का? जपानीत जी गोष्ट आपणहून देऊ केली जाते, तीच इंग्रजीत टाळली जाते. ध्रुवपदातही सोबतीच्या ग्वाहीऐवजी विनवणी आहे: तू निघून जातोस, आणि जाऊ नकोस हे माझे शब्द तुला ऐकूच येत नाहीत. भविष्याबद्दलचा भाव मात्र दोन्हींकडे जवळचा. जपानी गाणे समोर उभ्या असलेल्या उद्याविषयी आणखी बोलू या म्हणते, तर त्याच जागी इंग्रजी गाणे या सकाळीपलीकडचे नंतर पाहू म्हणते आणि भविष्याची भीती वाटत नाही असे सांगते.

या फरकाचा परिणाम गेमच्या शेवटी जाणवतो. गेमचा नायक सोरा आणि त्याची मैत्रीण कैरी यांच्या पायाखालची जमीन दुभंगत जाते, सोरा परत येण्याचे वचन देतो आणि दोघे दुरावतात. मग गाणे सुरू होते. जपानी गाण्यात, आजच्या काळात वचने मनाला घोरच लावतात का, अशी शंका घेणारी एक ओळ आहे. नुकत्याच दिलेल्या वचनानंतर ती ऐकताना काळजात चर्र होते. इंग्रजी ऐकणाऱ्याला तिथे जाऊ नकोस ही हाक मिळते, आणि ती त्या दृश्याला थेट भिडते. गेमच्या आरंभी याच गाण्याचे वेगवान, नाचते रूप वाजते आणि अखेरीस संथ मूळ रूप, हेही दोन्ही आवृत्त्यांत सारखे आहे. वादा काओरू यांनी या चालीचे वाद्यवृंदासाठी केलेले रूपही गेममध्ये ऐकू येते.

अमेरिकेत हा गेम सप्टेंबर २००२ मध्ये आला आणि ‘सिंपल अँड क्लीन’ प्रथम तिथे ऐकले गेले. डिसेंबरमध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘फायनल मिक्स’ या सुधारित गेममध्ये इंग्रजी संवादांबरोबर इंग्रजी गाणेच वापरले होते. ध्वनिमुद्रिकेवर ते जानेवारी २००३ मध्ये ‘कलर्स’ या जपानी सिंगलच्या जोडीला आले.

जपानी गाण्यांनी इंग्रजी श्रोत्यांपर्यंत जाण्याच्या वाटा याआधीही निघाल्या होत्या. साकामोतो क्यू यांचे ‘उए ओ मुइते आरुको’ १९६३ मध्ये ‘सुकियाकी’ या नावाने, पण जपानी शब्दांतच, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले. १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकी जोडीने त्याला इंग्रजी शब्द दिले. ‘पिंक लेडी’ या जपानी जोडीने १९७९ मध्ये इंग्रजीतच गायलेले ‘किस इन द डार्क’ पहिल्या चाळिसात पोहोचले. दोन्ही भाषांत स्वतःच लिहून स्वतःच गाण्याची उतादा यांची रीत या दोन्हींहून निराळी आहे.

‘किंगडम हार्ट्स’च्या पुढच्या भागांनीही ती रीत राखली. दुसऱ्या भागासाठी २००५ मध्ये ‘पॅशन’ हे जपानी गाणे झाले आणि त्याचे इंग्रजी रूप ‘सँक्च्युअरी’. तिसऱ्या भागासाठी ‘चिकाइ’ आणि ‘डोन्ट थिंक ट्वाइस’ ही जोडी आली, शिवाय स्क्रिलेक्स या अमेरिकी संगीतकारासह केलेले ‘फेस माय फिअर्स’ दोन्ही भाषांत मुद्रित झाले. जानेवारी २०१९ मध्ये ही चारही मुद्रणे एकाच ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाली.