गाण्यांच्या मधली जागा : मराठी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचा मागोवा

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या संगीतप्रेमी स्नेह्यांच्या गटात अलीकडे प्रत्येकाने आपले सर्वांत आवडते चित्रपटसंगीत सांगायचे ठरले, तेव्हा पुढे आलेली यादी आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यांचीच निघाली. ठाण्याच्या नगराध्यक्षपदी राहिलेले कवी पी. सावळाराम यांनी लिहिलेली आणि वसंत प्रभू यांनी चाली दिलेली ‘शिकलेली बायको’ व ‘पुत्र व्हावा ऐसा’ या चित्रपटांतील गाणी या गावात पहिल्या ओळीत असणार, हे स्वाभाविकच होते. मात्र शब्दांवाचून वाजणाऱ्या, प्रसंगाच्या मागे उभ्या राहणाऱ्या संगीताचे नाव एकानेही घेतले नाही. हा ऐकणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याकडे ‘चित्रपटाचे संगीत’ म्हणजे ‘चित्रपटाची गाणी’ हे समीकरण कसे रुजले, याला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

मूकपटांच्या काळात संगीत चित्रपटगृहात असे, चित्रफितीवर नसे. पडद्याजवळ बसलेले पेटी-तबलावाले समोरच्या दृश्याकडे पाहत आपल्या समजुतीप्रमाणे वाजवीत, त्यामुळे एकाच चित्रपटाचे संगीत गावोगावी निराळे होई. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे हे मराठी रंगभूमीवर ‘मानापमान’च्या चालींनी नाव मिळवलेले पेटीवादक होते आणि चित्रपटातील हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या पात्राने मध्येच गाऊ लागणे मुळीच खटकले नाही. त्यातच ध्वनिमुद्रण चित्रीकरणाबरोबरच करावे लागे. नट-नटी कॅमेऱ्यासमोर गात आणि वाजवणारे चौकटीबाहेर, झाडामागे किंवा सजावटीच्या आड बसत. संवादाखाली स्वतंत्र संगीत अंथरण्याची सोयच अपुरी असल्याने संगीतकाराचा सगळा विचार गाण्यात एकवटला, आणि पुढे सोय झाल्यावरही ती सवय सुटली नाही.

या सवयीला सर्वांत धीट उत्तर प्रभातनेच दिले. १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला, तेव्हा त्यांनी पार्श्वसंगीत वापरायचेच नाही असे ठरवले. विजोड लग्नाला नकार देणाऱ्या तरुण मुलीची ती कथा घरातल्या, रस्त्यावरच्या, रोजच्या आवाजांवर उभी राहिली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या भिंतीवरच्या घड्याळाने तर एखाद्या वाद्याचे काम केले. संगीत दिग्दर्शक होते केशवराव भोळे. एक वर्ष आधी ‘संत तुकाराम’साठी त्यांनी भक्तिरसाने ओथंबलेले संगीत दिले होते, आणि त्यासाठी शांताराम आठवले यांनी नव्याने लिहिलेली ‘आधी बीज एकले’ ही रचना आजही अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटते. ज्याला इतके भरभरून देता येते, त्याने पुढच्याच वर्षी हात आवरून घ्यावा आणि प्रसंगाला मोकळे सोडावे, हे माझ्या मते मराठी पार्श्वसंगीताच्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल आहे. कुठे वाजवायचे नाही हे कळण्यापासूनच या कलेची सुरुवात होते.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाचा मार्ग दाखवल्यावर गाणे आणि चित्रीकरण वेगळे झाले, वाद्यवृंद वाढला आणि मुंबईत एक नवा कारागीर उभा राहिला, तो म्हणजे अरेंजर. संगीतकार चाल बांधी. पण व्हायोलिनच्या तुकडीने काय वाजवावे, बासरी कुठे यावी, दोन कडव्यांमधला तुकडा कसा असावा, हे पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढण्याचे काम बहुतेक वेळा गोव्याहून आलेले वादक करीत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे असेच मोठे अरेंजर आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशा माणसांची नावे क्वचितच आली, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पार्श्वसंगीताच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा होता.

मराठीत याच काळात वसंत देसाई यांनी ‘अमर भूपाळी’ आणि ‘श्यामची आई’ केले, सुधीर फडके यांनी राजा परांजपे यांच्या चित्रपटांना घरगुती गोडवा दिला, आणि लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने ‘साधी माणसं’सारख्या चित्रपटांना मातीचा सूर दिला. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर ढोलकी आणि लावणीची लाट आली. हे सारे श्रेष्ठ आहे. पण या प्रत्येक ठिकाणी आठवते ते गाणेच.

खरा पालट १९७० च्या दशकात झाला. रविशंकर यांचे शिष्य, सतारवादक आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे भास्कर चंदावरकर यांनी १९७५ मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ला संगीत दिले. त्यात आरती प्रभूंची ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ ही कविता रवींद्र साठे यांच्या आवाजात येते, ती कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. ती कथेवरचे भाष्य म्हणून येते. गाणे आणि पार्श्वसंगीत यांच्यातील भिंत इथे पडली. दोन वर्षांनी ‘जैत रे जैत’मध्ये हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोर यांनी तीच वाट रुंद केली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतील हे ठाकर आदिवासींचे जग आपल्या ठाणे-रायगडच्या डोंगरांतले, आणि कथेचा नायक नाग्या ढोलिया. त्यामुळे ढोल हा तिथे तालाचा आधार राहत नाही, तो कथेतले पात्र होतो. समूहगायन निवेदन करते, आणि गाणे कुठे संपले व प्रसंग कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. पनवेलच्या पलीकडे पहिल्या पावसात डोंगर उतरताना मला हेच संगीत आठवते, आणि ते एखाद्या ओळीने आठवत नाही, एकसंध आठवते.

पुढच्या काळात अनेक वाद्यांचे आवाज एकट्याने काढणारा सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद आटले, आणि पार्श्वसंगीत पुष्कळदा एकाच माणसाच्या खोलीत तयार होऊ लागले. म्हणूनच २०१६ मध्ये अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात साठहून अधिक वादकांचा सिंफनी वाद्यवृंद वापरला, त्याला महत्त्व आहे, करमाळ्याच्या उसाच्या फडांना त्या व्हायोलिनांनी जी उंची दिली, ती गाण्यांइतकीच त्यांच्यामागच्या वाद्यमेळाची आहे. त्याआधी ‘फँड्री’त अलोकनंदा दासगुप्ता यांनी मात्र उलट मार्ग घेऊन अत्यंत मोजके वाजवले. राष्ट्रीय पुरस्कारांतही २००९ सालच्या चित्रपटांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा नियमित स्वतंत्र विचार होऊ लागला.

माझी स्वतःची निवड या सर्वांहून शांत आहे. ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाल्यानंतर मराठीला ते पुन्हा मिळायला सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि ज्या ‘श्वास’ला ते मिळाले, त्यात एकही गाणे नाही. संगीत पुन्हा भास्कर चंदावरकरांचेच आहे. दृष्टी गमावणाऱ्या नातवाला आजोबा शेवटचे जग दाखवतात, त्या कथेत ते स्वर कमीत कमी ठिकाणी येतात आणि आले की लगेच मागे सरतात. आमच्या गटाने पुढच्या बैठकीत हा चित्रपट पडद्याकडे पाठ करून, केवळ कानांनी ऐकायचे ठरवले आहे.