घरातल्या माणसाला किडनी द्यायची आहे? आधी कागद, मग तपासण्या, मग जपणूक

बहीण भावाला किडनी देणार असेल तर सगळ्यात आधी तिचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला घ्या. रक्तगट जुळला, मन तयार झालं आणि फाइल नावावर अडली, असं होतं. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, भावाच्या कागदांवर वडिलांचं नाव एका वेलांटीने वेगळं. दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार ही साखळी जुळली तरच ती त्याच आई-वडिलांची मुलगी हे कागदावर दिसतं. लग्नाची नोंद राहून गेली असेल तर आत्ता करून घ्या. नावातल्या फरकासाठी राजपत्र की प्रतिज्ञापत्र, हे रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकांना आधीच विचारा.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा, त्यात मोठी दुरुस्ती 2011 साली झाली आणि सध्याचे नियम 2014 चे. दात्याने वयाची 18 वर्षं पूर्ण केलेली हवीत. जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, मेहुणा, वहिनी, काका, मामा, चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत. तेही देऊ शकतात, पण त्यांना प्राधिकार समितीची, म्हणजे अशी प्रकरणं तपासणाऱ्या कायदेशीर समितीची, परवानगी लागते. घरातल्याचा रक्तगट जुळत नसेल तर तशाच दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करायची सोय कायद्यात आहे. याबद्दल जरूर विचारा, कित्येकांना ती ठाऊकच नसते.

अर्ज दाता आणि रुग्ण दोघांनी मिळून करायचा, नमुना 11 मध्ये. दात्याची संमती वेगळी: रक्ताच्या नात्यासाठी नमुना 1, पती-पत्नीसाठी 2, बाकीच्यांसाठी 3. सोबत ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, रेशनकार्ड, जन्मदाखले, एकत्र काढलेले जुने फोटो. नवरा-बायको असतील तर लग्नाचा फोटोही. जवळचं नातं नसेल तर दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद मागतात, कारण पैशाच्या मोबदल्यात अवयव देणं-घेणं गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दात्याचा प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणं मात्र कायद्याला मान्य आहे.

परवानगीआधी दाता आणि रुग्णाची मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्र आहे का, याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करावी, असं नियमच सांगतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि ‘घरात सगळ्यांचं ठरलं’ या वाक्यात तिचं मत कुठे असतं ते तिलाच विचारायला हवं. उलट बाजूही आहे. मुलीला वडिलांना किडनी द्यायची असेल तर नवऱ्याची संमती नियमांनुसार बंधनकारक नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. दात्याला शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत ‘नको’ म्हणता येतं. ते डॉक्टरांना एकांतात सांगा.

तपासण्यांत रक्तगट, ऊतक जुळणी, क्रॉसमॅच (रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का, ही तपासणी), लघवीतली प्रथिनं, रक्तदाब, साखर, दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट असते. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर लपवू नका. इथे नकार मिळाला तर तो दात्याला वाचवण्यासाठी असतो. पुढे मूल हवं असलेल्या तरुण दात्यांनी गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या वाढीव धोक्याबद्दल आधीच विचारावं.

घरात जुळणारं कुणीच नसेल तर डायलिसिस चालू असतानाच मरणोत्तर किडनीच्या यादीत नाव नोंदवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. नोंदणी रुग्णालयामार्फत होते.

शस्त्रक्रियेनंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रुग्णाला टॅक्रोलिमससारख्या गोळ्या ठरल्या वेळी, साधारण बारा तासांच्या अंतराने, ती किडनी काम करते आहे तोवर कायम घ्याव्या लागतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केल्या तर शरीर ती किडनी नाकारतं. औषधाची पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त आधी द्यायचं, गोळी नंतर. पपनस टाळा, त्याने पातळी वाढू शकते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कुणी सुचवलेले काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उघड्यावरचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर पहिले काही महिने नको. ताप आला, लघवी कमी झाली, वजन अचानक वाढलं किंवा किडनी बसवलेल्या जागी दुखलं तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

या धावपळीत दाता मागे पडतो. त्याला काही आठवडे जड उचलू देऊ नका, पाण्याचे हंडेसुद्धा. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. पुढे दरवर्षी त्याचाही रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवी तपासायची. रुग्णाच्या तपासण्यांची जी वही कराल, तिच्या पहिल्याच पानावर दात्याची तारीखही लिहा.